कल्पित शहरात माणसं किती?

श्रोतेहो, नमस्कार.

चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचं, एकाने जग रचायचं आणि बाकीच्यांनी त्यात शिरायचं. १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आला तेव्हापासून हा खेळ जगभर पसरला, आणि आज आपल्या नाशिकच्या घरांतही त्याचे फासे पडतात. जग रचणारे जे डीएम, म्हणजे डंजन मास्टर असतात, त्यांच्याशी आज मला बोलायचंय. विषय एकच: तुमच्या शहराची लोकसंख्या.

नकाशावर शहर काढलं, नाव दिलं, तटबंदी उभारली, की लोकसंख्येच्या रकान्यात पुष्कळदा दहा लाख ठोकून दिले जातात. इकडे डोंगर, तिकडे वाळवंट, मधोमध दहा लाखांचं शहर. मला हे फार खटकतं, कारण त्या दहा लाखांच्या ताटात काय पडतं हे कुणी विचारलेलंच नसतं.

आपण विचारू. एका माणसाला वर्षाला साधारण दोन क्विंटल धान्य लागतं, म्हणजे दहा लाखांना वीस लाख क्विंटल. एका बैलगाडीत दहा क्विंटल भरलं, तर रोज साडेपाचशे गाड्या यायला हव्यात. वेस दिवसाचे बारा तास उघडी धरली, तर दर सव्वा मिनिटाला धान्याची एक गाडी आत. त्यात चुलीचं सरपण धरलेलं नाही, जनावरांचा चारा नाही, मीठ-तेल-भाजीपाला नाही. शिवाय रिकाम्या गाड्या त्याच वेशीतून बाहेर पडायच्या आहेत.

म्हणून माझं सांगणं असं, की आकडा शहरापासून काढूच नका, शिवारापासून काढा. बैलगाडी दिवसभरात वीस-पंचवीस किलोमीटर जाते. त्याहून लांबून धान्य आणायचं तर वाटेत बैलांना खायला घाला, मुक्कामाची सोय करा, राखण ठेवा. माल महागत जातो. नाशिक मध्यभागी धरून पंचवीस किलोमीटरचं वर्तुळ काढा. दिंडोरी, त्र्यंबक, सिन्नर साधारण त्याच्या कडेला येतात. या वर्तुळात सुमारे दोन लाख हेक्टर जमीन बसते. डोंगर, नदी, गायरान, रान वजा करून निम्मी लागवडीखाली धरू. कोरडवाहू बाजरी हेक्टरी पाच क्विंटल धरू. पाच लाख क्विंटल धान्य झालं, त्यावर अडीच लाख पोटं भरतील. पण पिकवणारा आधी खाणार आणि बियाणंही राखून ठेवणार. जुन्या शेतीवर दहातली नऊ माणसं शिवारात राबली, तर दहाव्याला शहरात राहून भांडी घडवता येतात, पोथ्या वाचता येतात किंवा तलवार बाळगता येते. अडीच लाखांचा दहावा हिस्सा म्हणजे पंचवीस हजार.

आणि १९०१ च्या जनगणनेत नाशिकची लोकसंख्या होती २१,४९०. तोवर रेल्वे नाशिकरोडपर्यंत पोचली होती, तेव्हा माझ्या गणिताला हा पुरावा मानू नका. पण अंदाज भलतीकडे जात नाही एवढं खरं. काळाराम मंदिर, सराफ बाजार, भांडी बाजार, घाटावरचा बुधवारचा बाजार आणि पंचवटीतले मठ एवढं सगळं बाळगणारं गाव एकवीस हजारांचं होतं! या खेळाच्या २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत १२,००१ ते २५,००० वस्तीला मोठं शहर म्हटलंय आणि त्यापुढे महानगर. तो तक्ता लावला तर त्या काळचं नाशिक मोठं शहरच ठरतं. २०११ मध्ये आपण १४ लाख ८६ हजारांवर गेलो, पण त्यामागे रेल्वे आहे, ट्रक आहेत, गंगापूर धरण आहे, खतं आणि विजेचे पंप आहेत. यातलं काहीच तुमच्या जगात नसेल तर तो आकडा उचलू नका.

मोठी शहरं जुन्या काळी नव्हती असं नाही. रोम दहा लाखांच्या घरात गेलं असं मानतात. ते इजिप्त आणि उत्तर आफ्रिकेतून जहाजांनी येणाऱ्या गव्हावर जगत होतं. पॅरिसमध्ये १३२८ साली ६१,०९८ चुली मोजल्या गेल्या. त्यावरून दोन लाखांच्या आसपास वस्ती निघते, आणि पॅरिस सीन नदीवर आहे. पाण्यावरून माल स्वस्तात येतो. तेव्हा शहर फुगवायचंच असेल तर आधी नदी द्या, बंदर द्या.

जादूने भागवू म्हणाल, तर तेही मोजू. या खेळात अन्न-पाणी निर्माण करणारा क्लेरिकचा, म्हणजे देवाच्या पुजाऱ्याचा, स्पेल (मंत्र) आहे. पाचव्या आवृत्तीत तो एका वेळी पंधरा माणसांचं दिवसभराचं भागवतो. एक लाख माणसांसाठी तो रोज सहा हजार सहाशे सदुसष्ट वेळा टाकावा लागेल. ज्या शहरात हे घडतं तिथे राजा नावालाच उरेल, खरी सत्ता देवळाकडे जाईल. मला विचाराल तर अशा शहरात कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांत चालणारी सलग कथा, खेळायला फार मजा येईल, पण ते शहर मुळापासून तसं रचायला हवं.

नाशिककरांना आणखी एक गोष्ट सुचायला हवी: सिंहस्थ. बारा वर्षांनी गुरू सिंह राशीत येतो आणि गावच्या वस्तीचा आकडाच बदलतो. तुमच्या शहराला असं पर्व द्या. एरवी वीस हजारांची वस्ती, पर्वात लाखांची. आखाडे कुठे उतरतील, पाणी कोण पुरवेल, तीर्थोपाध्यांच्या वह्यांत कुणाच्या घराण्याची नोंद सापडेल? वहीतलं एक पान फाडलेलं निघालं तरी खेळाडूंना पुढचे चार रविवार पुरेल एवढं कथानक मिळतं.

आणि वेढ्याचा प्रसंग आला, की हे गणित थेट पटावर येतं. पंचवीस हजारांचं शहर दिवसाला सुमारे १३७ क्विंटल धान्य खातं, म्हणजे चौदा गाड्या. कोठारात बारा हजार क्विंटल असेल तर जवळजवळ तीन महिने निघतील. खेळाडूंनी पहिल्याच रात्री अर्धं कोठार जाळलं, तर दीड महिना. “आता किती दिवस उरले?” असं त्यांनी विचारलं की अंदाजाने काही ठोकून देऊ नका, वही उघडा आणि सांगा, त्रेचाळीस.