होड्लरची आडवी रेघ

मंडळी, हे चित्र थोडा वेळ पडद्यावर असंच राहू द्या. वर उजळलेलं आकाश, मधे डोंगरांची निळी रांग, खाली सरोवर आणि अगदी तळाशी, काठालगत, हंस. हे 1918 सालचं जिनिव्हा सरोवर. फर्डिनांड होड्लर या स्विस चित्रकाराने ते आपल्या घरातून रंगवलं. प्रकृती ढासळली होती, बाहेर पडणं अवघड झालं होतं. घर मात्र सरोवराच्या धक्क्यावर होतं. समोर पाणी, पलीकडे आल्प्समधला मों ब्लाँ पर्वत.

सरोवर आणि डोंगर म्हटलं की आपल्याला भिंतीवरचं कॅलेंडर आठवतं. होड्लरची सुरुवातही तशाच चित्रांपासून झाली. टून गावात फर्डिनांड सोमर नावाच्या चित्रकाराकडे त्याने उमेदवारी केली. प्रवाशांना विकायची आल्प्सची साचेबंद दृश्यं तिथे तयार होत. पुढे त्याने त्या साच्यातला सगळा पसारा काढून टाकला आणि शिल्लक ठेवल्या त्या रेषा. निसर्गात तेच ते रूप पुन्हा पुन्हा येतं, ते चित्रकाराने उघड करून दाखवावं, असं तो म्हणे. या विचाराला त्याने समांतरतावाद असं नाव दिलं.

आता हे दुसरं चित्र पाहा. शेब्र गावाजवळच्या उंचावरून तेच सरोवर. काठाची रेघ पाहिलीत? ती वाकलेली आहे. पाण्याला कवेत घेतल्यासारखी कमान आहे तिला, आणि वरचे ढगही त्याच वळणाने जातात. शेवटच्या चित्रांत ही कमान जवळजवळ सरळ होते. पट्ट्यावर पट्टा, सगळं आडवं. मधे काय घडलं?

मधे व्हॅलेंतिन गोदे-दारेल आहे, त्याची मैत्रीण. 1913 साली त्यांना मुलगी झाली, पोलेत. त्याच सुमारास व्हॅलेंतिनला कर्करोग असल्याचं कळलं. होड्लर तिच्या उशाशी बसून तिला रेखाटत राहिला, महिनोन्महिने. ही चित्रं ओळीने लावली की पोटात कालवतं. आधी ती उशांना टेकून बसलेली आहे, डोळे आपल्याकडे. मग मान कलते. मग डोकं उशीत रुततं, नाक आणि हनुवटी तेवढी वर राहते. 25 जानेवारी 1915 ला व्हेवे इथे ती गेली. दुसऱ्या दिवशीच्या चित्रात ती पूर्ण आडवी आहे, आणि तिच्या वर, रिकाम्या जागेत, निळ्या आडव्या रेघा आहेत. तिथे ना भिंत आहे ना खिडकी, नुसत्या रेघा. आणि ती गेली त्याच दिवशी त्याने सरोवरावरचा सूर्यास्त रंगवला.

होड्लरची आडवी रेघ या बिछान्याशी जन्मली, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. 1905 मधल्या टूनच्या सरोवराच्या चित्रात डोंगर आणि त्यांचं पाण्यातलं प्रतिबिंब बघा. पाण्याची आडवी रेघ तिथे आधीच ठाम आहे. आणि मृत्यूशी त्याची ओळख तर लहानपणापासूनची. आठ वर्षांचा व्हायच्या आत वडील आणि दोन भाऊ क्षयाने गेले, चौदाव्या वर्षी आई, पुढे उरलेली भावंडंही. रेघ त्याच्या हाताला सरावाची होती. व्हेवेनंतर ती आखताना त्याला एक शरीर दिसत असणार, एवढंच मी म्हणेन. पण हे ‘एवढंच’ फार मोठं आहे. त्या तीन वर्षांत त्याने डोंगर रंगवले ते निजलेल्या माणसाची बाह्याकृती काढावी तसे. कपाळ, नाक, हनुवटी, आणि मग लांबच लांब उतार.

आता पहिलं चित्र परत लावा, दिवे थोडे मंद करा. मों ब्लाँची रांग डावीकडून उजवीकडे सावकाश बघत जा. मग खाली या, हंसांपाशी. जवळून पाहिलं तर एकेक हंस म्हणजे रंगाचे मोजके फटकारे. पण सारख्या अंतरावर, एकामागून एक. 19 मे 1918 ला होड्लर गेला. हंसांच्या मधलं ते अंतर तेवढं बघा. दोन मिनिटं कुणी बोलू नका.