ब्राउझरमधल्या स्क्रिप्ट आणि आपली परवानगी

श्रोतेहो, नमस्कार. वेबसाइटचे एखादे पान उघडले की मजकूर आणि चित्रांबरोबर काही छोटे प्रोग्राम, म्हणजेच स्क्रिप्टही आपल्या संगणकावर येतात आणि आपल्याला न विचारता चालू लागतात. ज्या जावास्क्रिप्ट भाषेत ते लिहिलेले असतात, ती ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप कंपनीत तयार केली. आज नकाशे, तिकिटांचे आरक्षण, बँकेचे व्यवहार हे सारे बहुतांशी तिच्यावरच चालते, त्यामुळे ती सरसकट बंद करा, असा सल्ला मी देणार नाही.

अडचण निराळीच आहे. आपण एका साइटवर जातो, पण तिच्या पानावर जाहिराती दाखवणाऱ्या आणि वाचकांचा माग ठेवणाऱ्या, ज्यांची नावेही आपण ऐकलेली नसतात अशा इतर ठिकाणांहून आलेल्या स्क्रिप्टही चालत असतात. २०१७ साली सुरू झालेल्या कॉइनहाइव्हच्या स्क्रिप्टने तर अनेक साइटवर वाचकांच्या नकळत त्यांच्या प्रोसेसरकडून मोनेरो हे आभासी चलन मिळवण्याचे काम करून घेतले. ती सेवा २०१९ मध्ये बंद झाली.

पूर्वी फायरफॉक्स या ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जावास्क्रिप्ट बंद करण्याची एक साधी चौकट होती. २०१३ साली तेविसाव्या आवृत्तीत ती काढली गेली, कारण चुकून खूण निघाली की बऱ्याच साइट मोडून पडत. कारण खरे असले, तरी सोय जाणकारांपुरत्या आडबाजूच्या सेटिंगमध्ये ढकलणे मला पटलेले नाही. सगळे चालू किंवा सगळे बंद, एवढेच पर्याय ठेवले तर कोणीही चालूच निवडणार.

मधला मार्ग २००५ पासून उपलब्ध आहे. जॉर्जिओ माओने यांचे नोस्क्रिप्ट हे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, प्रत्येक ठिकाणच्या स्क्रिप्टला वेगळी परवानगी देऊ देते. सुरुवातीचे काही दिवस त्याचा त्रास होतो, हेही सांगितले पाहिजे. ज्यांना तो नको असेल, त्यांनी यूब्लॉक ओरिजिन या दुसऱ्या एक्स्टेन्शनमध्ये केवळ बाहेरून येणाऱ्या स्क्रिप्ट अडवाव्यात. मूळ साइटच्या स्क्रिप्ट चालू राहिल्याने पाने तुलनेने कमी बिघडतात.

तरीही एखादा फॉर्म कोराच दिसला, तर घाईने सगळ्यांना मोकळीक देऊ नये. आधी त्या साइटच्या स्वतःच्या स्क्रिप्टना आणि मग गरजेप्रमाणे एकेका बाहेरच्या ठिकाणाला तात्पुरती परवानगी द्यावी; नोस्क्रिप्टमधली अशी परवानगी ब्राउझर बंद केला की आपोआप संपते.