नॉर्वेच्या मातीतली माळ

नमस्कार श्रोतेहो.

मूल सकाळी उठतं ते डोळे सुजवून. घरचे म्हणतात, झोप जास्त झाली असेल. दुपारपर्यंत सूज उतरते, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. लघवीला साबणासारखा फेस येतो. ती परीक्षानळीत तापवली, की अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्यासारखी गढुळते. किडनीची चाळण सैल होऊन रक्तातलं प्रथिन वाहून चाललेलं असतं. याला नेफ्रोटिक सिंड्रोम म्हणतात. बहुतेक मुलं स्टिरॉइडनं सावरतात. काहींचं मात्र डोस उतरवला की दुखणं उलटतं, आणि मग डॉक्टर सायक्लोस्पोरिन लिहून देतात.

या औषधाची जन्मकथा मोठी मजेची आहे. स्वित्झर्लंडच्या सँडोझ कंपनीची माणसं सुट्टीवर गेली तरी मातीचे नमुने घेऊन यायची. नवीन प्रतिजैविकं शोधायची होती ना! १९६९ साली नॉर्वेतल्या हार्डांगरविडा पठारावरची माती अशीच आली. तिच्यातल्या बुरशीनं जंतू काही फारसे मारले नाहीत. पण १९७२ मध्ये जाँ-फ्रान्स्वा बोरेल यांच्या प्रयोगशाळेत दिसलं, की बुरशीतलं द्रव्य प्रतिकारशक्तीला लगाम घालतंय.

हे द्रव्य म्हणजे एक पेप्टाइड, ११ अमिनो आम्लांची माळ. इन्सुलिनसारखी पेप्टाइडं पोटात पचून जातात, म्हणून सुई टोचावी लागते. ही माळ मात्र टोकं जुळवून गोल झालेली, त्यामुळे पाचकरसांना दाद देत नाही. तोंडावाटे घेता येते. आपल्या प्रतिकारशक्तीच्या टी पेशी एकमेकींना चेतवणारा निरोप धाडतात, तो ती सुरुवातीलाच अडवते. शिवाय चाळणीच्या पेशींचा सांगाडाही थेट सावरून धरते, हे २००८ मध्ये कळलं. याच माळेतला एक मणी बदलून केलेल्या व्होक्लोस्पोरिनला २०२१ मध्ये अमेरिकेत ल्युपसच्या, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते त्या आजाराच्या, किडनीविकारासाठी मान्यता मिळाली.

गंमत म्हणा की दैवदुर्विलास, किडनी वाचवणारं हेच औषध जास्त झालं तर किडनीलाच बाधतं. हिरड्या फुगतात, अंगावर लव वाढते, रक्तदाब चढतो. म्हणून रक्तातली पातळी मोजत राहावं लागतं. त्या दिवशी सकाळचा डोस रक्त देऊन झाल्यावरच घ्यायचा. आधी घेतला तर आकडा फुगून येतो. आणि हो, पाकीट फोडल्यावर कॅप्सूलला स्पिरिटसारखा वास येतो. खराब झाली म्हणून टाकून देऊ नका, तो वास तिचाच.