११ मिनिटांचं रीळ

[दृश्य : पणजी, कांपाल. कला अकादमी, पलीकडे मांडवी. संध्याकाळ.]

तानपुरे जुळताहेत. विंगेत एक साहाय्यक उजेड आत न येणाऱ्या काळ्या पिशवीत कोपरापर्यंत हात घालून बसलाय. नजर समोरच्या भिंतीवर. फिल्म भरताहेत ती बोटं.

१६ मिलिमीटरची ४०० फुटी फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी ११ मिनिटं चालते. तेवढ्यात बडा ख्याल कुठवर येणार? गायिका अजून मंद्रातून वर यायची असते. म्हणून दोन कॅमेरे मागेपुढे सुरू करायचे. एकाचं रीळ संपताना दुसऱ्याचं निम्मं शिल्लक हवं. आवाज वेगळ्या यंत्रावर अखंड चालू.

सॅन फ्रान्सिस्कोत १९७६ साली ‘द बँड’ या रॉक गटाच्या निरोपाच्या मैफलीत ३५ मिलिमीटरचे अनेक कॅमेरे होते. ब्लूज गायक मडी वॉटर्स गायला उभे राहिले तेव्हा त्यांतला एकच चालू होता. आज ते गाणं बघायला मिळतं ते त्या एका कॅमेऱ्यामुळे.

[दृश्य : उघडा कॅमेरा, अगदी जवळून.]

हा छोटा पंजा फिल्मच्या छिद्रात अडकतो, तिला खाली ओढतो, सोडतो. चौकट क्षणभर निश्चल. पुन्हा पंजा. एका रिळात हे १६ हजार वेळा! फिल्मवर जिथे उजेड पडतो त्या खिडकीच्या, म्हणजे गेटच्या, वर आणि खाली फिल्मचं सैल वळण ठेवलेलं असतं, त्याला लूप म्हणतात. लूप गेला की चित्र थरथरतं, फिल्म फाटते, आत चुरगळून तिचा बोळा होतो. त्याआधी कॅमेऱ्याची घरघर बदलते. चांगल्या साहाय्यकाचा एक कान गाण्याकडे आणि एक तिच्याकडे असतो. दर रिळानंतर तो टॉर्च मारून गेट बघतो; कडेला साचलेला बारीकसा कीसही पडद्यावर दोरखंडाएवढा दिसतो.

आणि आपली गोव्याची हवा. पापड सादळतो तशी फिल्म सादळते. फ्रिजमधला डबा काही तास बंदच ठेवून बाहेरच्या उष्म्याला येऊ द्यायचा, नाहीतर आत दव धरतं. एकदा घाईत मीच तो लवकर उघडला. भैरवीचं रीळ डागाळलं. भैरवी पुन्हा गा, असं कुणाला सांगणार? ती हळहळ अजून जात नाही. आज डबे सकाळीच बाहेर काढून ठेवलेत.

[दृश्य : रंगमंच.]

नववं मिनिट. साहाय्यक बोट वर करतो. दुसरा कॅमेरा कधीच सुरू झालाय, त्याची घरघर एकसारखी आहे. गायिका निषादावर थांबलीय.

[निवेदन थांबते. तार षड्ज.]