तोंडात बसलेलं इंग्रजी

सकाळचे सहा. पुण्यातली हनुमान टेकडी. फिरायला आलेल्यांपासून जरा बाजूला, दगडावर दोन मुली बसल्यात. एक बोलतेय, दुसरी ऐकतेय. दहा मिनिटांनी पाळी बदलेल. मध्येच चूक काढायची नाही, एवढा एकच नियम.

दोघी मराठी माध्यमातल्या, आता इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासूनच इंग्रजी आहे. धडे वाचून झाले, उत्तरं पाठ झाली. पण साठ मुलांच्या वर्गात बोलायला मिळणार किती? त्यात एखाद्या उच्चारावर वर्ग हसला, की पोर वर्षभर तोंड उघडत नाही. हे हसणं फार महागात पडतं.

म्हणून आता जिभेला वळण लावायचं. कानात इअरफोन, फोनवर इंग्रजी बातम्या. निवेदक बोलतो तसं त्याच्या पाठोपाठ, त्याच लयीत बोलत जायचं. याला शॅडोइंग म्हणतात. दुभाषेही असा सराव करतात. यात अर्थापेक्षा ठेका महत्त्वाचा. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर ‘फो’वर, ‘फोटोग्राफी’त तोच सरकून ‘टॉ’वर. मराठीत अशी सवयच नाही, म्हणून ही मुलगी जोराच्या जागी गुडघ्यावर बोट आपटते.

दुसरी सेल्फी कॅमेऱ्यात स्वतःचे ओठ बघतेय. इंग्रजीत बनियनला ‘वेस्ट’ आणि पश्चिमेलाही ‘वेस्ट’. मराठी कानाला दोन्ही सारखेच. पण बनियन म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, पश्चिम म्हणताना ओठांचा चंबू होतो. आज तिला फरक दिसला. ऐकू यायला अजून काही दिवस लागतील.

मनात मराठी वाक्य जुळवून भाषांतर करणं दोघींनी सोडलंय. आपलं क्रियापद शेवटी, इंग्रजीत ते कर्त्याला लागून. उलटापालट करेपर्यंत समोरचा पुढे गेलेला असतो. त्यापेक्षा ‘व्हॉट आय मीन इज’सारखे अख्खे तुकडेच तोंडात बसवायचे. दर रविवारी दोन मिनिटांचं रेकॉर्डिंगही होतं. स्वतःचा आवाज ऐकणं सुरुवातीला नकोसं वाटतं, पण महिन्यापूर्वीचं ऐकलं की अडखळणं कुठे कमी झालं ते कळतं.

आजचा विषय, आईची भाकरी. ‘थापणे’पाशी गाडी अडते. मैत्रीण गप्पच. मग हिचे दोन्ही तळवे हवेत भाकरी थापू लागतात.

“शी पॅट्स इट... विथ हर हँड्स... अँड इट ग्रोज.”

मैत्रीण मान हलवते. अजून चार मिनिटं बाकी आहेत.