दोन दिवस जेवला नाही, एवढंच

नमस्कार. कुत्र्याला घेऊन दवाखान्यात आलेल्या माणसांचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा एकच असतं : "डॉक्टर, तसं विशेष काही नाही, पण दोन दिवस जेवत नाहीये." मला आज त्या दोन दिवसांबद्दलच बोलायचं आहे. कुत्रा दुखणं अंगावर काढतो. ताप असतानाही तुम्ही दारात आलात की शेपटी हलवतो आणि तुम्हाला वाटतं, बरा आहे. त्यामुळे तो धडधाकट असताना कसा असतो, हे आधी नीट बघून ठेवायला हवं.

वरचा ओठ उचलून हिरड्या बघा. निरोगी हिरडी गुलाबी आणि ओलसर असते. बोटाने दाबली की पांढरी पडते आणि सोडल्यावर साधारण दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी होते. काहींच्या हिरड्या जन्मतःच काळ्या असतात, त्यांची खालची पापणी ओढून आतला रंग बघा. हा रंग पांढुरका, पिवळा किंवा निळसर दिसला तर संध्याकाळपर्यंतही थांबू नका. नाक गरम लागलं म्हणजे ताप, हा समज मात्र सोडून द्या. ताप थर्मामीटरनेच कळतो, आणि तो गुदद्वारात लावावा लागतो. कुत्र्याचं नेहमीचं तापमानच १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं, आपला ९८.६ चा हिशेब तिथे चालत नाही.

आता गोचीड. पुण्यात या विषयावर बोलावं तेवढं थोडंच आहे. टेकडीवर फिरायला नेत नाही, आमचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे, मग गोचीड आली कुठून, असं लोक विचारतात. कुत्र्यांवरची ही तपकिरी गोचीड घरात आणि पार्किंगमध्येही सुखाने वाढते. ती रक्त पिते, गळून पडते, भिंतीच्या फटीत कात टाकते आणि पुन्हा अंगावर चढते. आयुष्याचा बराचसा काळ ती कुत्र्याच्या अंगावर नसतेच. एक मादी हजारांच्या घरात अंडी घालते. म्हणून नुसतं कुत्र्याला औषध लावून भागत नाही. त्याचं अंथरूण उन्हात टाका, गरम पाण्याने धुवा, फटी बुजवा. अंगावरची गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, बोटांनी चिरडू नका. रॉकेल तर कधीच लावू नका.

गोचीड चावल्याने होणाऱ्या ज्या तापाला आपण सरसकट टिक फीवर म्हणतो, त्यात एर्लिकिया, बबेसिया असे एकाहून अधिक आजार येतात. एर्लिकियात प्लेटलेट्स घसरतात. नाकातून रक्त येतं, पोटावर लाल-जांभळे ठिपके दिसतात. बबेसियात तांबड्या पेशीच फुटतात, लघवी काळपट होते, हिरड्या पांढऱ्या पडतात. दोन्हींची औषधं वेगळी आहेत, म्हणून रक्त तपासल्याशिवाय गोळ्या सुरू करू नयेत. एर्लिकियाची फसवी गोष्ट अशी, की पहिला ताप आपोआप उतरू शकतो. मग कुत्रा कित्येक महिने ठीक दिसतो, आणि काहींच्या बाबतीत पुढे अस्थिमज्जाच, म्हणजे हाडांतला रक्त तयार करणारा भागच, निकामी होऊ लागते. त्याचं औषध साधारण चार आठवडे चालतं. तिसऱ्या दिवशी पोळी खाल्ली म्हणून गोळ्या बंद करणारी माणसं मला फार भेटतात. कृपा करून कोर्स पुरा करा.

पिल्लांमध्ये भीती पार्वो या विषाणूची. उलट्या, रक्ताचे दुर्गंधी जुलाब, आणि पिल्लू बघता बघता मलूल होतं. हा विषाणू जमिनीवर कित्येक महिने टिकतो, नेहमीच्या फिनेलला दाद देत नाही, त्याला ब्लीच लागतं. लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि पिल्लू चार महिन्यांचं होईपर्यंत तीन-चार आठवड्यांनी पुन्हा द्यावी लागते. एक इंजेक्शन झालं म्हणून लगेच बागेत उतरवू नका. पावसाळ्यात भीती लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या जंतूंच्या आजाराची. उंदरांच्या मुतातून तो साठलेल्या पाण्यात येतो, यकृत आणि मूत्रपिंड बिघडवतो, आणि माणसालाही होतो. त्याची लस दरवर्षी द्यावी लागते. रेबीजबद्दल एवढंच सांगतो : लक्षणं दिसू लागल्यावर त्यावर उपचार नाही, लस मात्र खात्रीची आहे. कोणतंही कुत्रं चावलं, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

ज्यांच्याकडे नसबंदीची शस्त्रक्रिया न झालेली कुत्री (मादी) आहे, त्यांनी हे लक्षात ठेवा. माजावर येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत ती खूप पाणी पिऊ लागली, जेवण सोडलं, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. बाहेर स्राव दिसेलच असं नाही, आणि न दिसणारा प्रकार जास्त धोक्याचा. पिल्लं नको असतील, तर वेळेत गर्भाशय काढून घ्या. हा आजार त्याने टळतो.

आणि घरातली गोळी देऊ नका. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंड बंद पडू शकतं, पॅरासिटामॉलही मनाने देण्याचं औषध नाही. त्यापेक्षा उलटीचा, शीचा फोटो काढा, लंगडत असेल किंवा झटका आला तर व्हिडिओ घ्या. शेवटचं कधी जेवला, शेवटची लघवी कधी केली, गोचिडीचं औषध कोणत्या तारखेला लावलं, हे कागदावर लिहून आणा. जो माणूस त्याला रोज खायला घालतो, दवाखान्यात त्यानेच यावं.