हिशेबात कोणाकोणाला धरायचं?

[दृश्य : त्रिरश्मी डोंगर, दहावं लेणं, भिंतीवरचा शिलालेख]

नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात एक हिशेब कोरलेला आहे. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, 2000 कार्षापण (नाणी) ठेवले, व्याज महिना शेकडा एक. दुसऱ्या श्रेणीकडे 1000, व्याज शेकडा पाऊण. मुद्दल परत मागायचं नाही, व्याज तेवढं वापरायचं. 2000 चं वर्षाचं व्याज 240, त्यातून वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी 12. पैसे कोणाचे, सांभाळणार कोण, उपयोग कोणाला, सगळं उघड दगडावर.

इथून जवळच अंबडची औद्योगिक वसाहत आहे. तिथल्या कारखान्यांतही रोज निर्णय होतात. त्यांचा भलाबुरा परिणाम कोणाकोणावर होतो, हे मात्र क्वचितच कुठे लिहून ठेवलेलं असतं.

निर्णय परिणामांवरून जोखायचा, असं उपयुक्ततावाद सांगतो. इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमने 1789 मध्ये त्याची मापं दिली. सुख किंवा दुःख किती तीव्र, किती काळ टिकणारं, किती खात्रीचं, किती लवकर येणारं. त्यातून पुढे आणखी सुख निपजेल का, त्यात दुःखाची भेसळ आहे का. आणि शेवटचं माप, किती जणांपर्यंत पोहोचणार. धंद्यात सगळ्यात जास्त चुकतं ते हे शेवटचं.

[दृश्य : प्लेटिंगचा कारखाना, धुण्याच्या टाकीतलं पिवळं पाणी]

क्रोम प्लेटिंगचा एक छोटा कारखाना धरू. जॉब, म्हणजे मुलामा द्यायची वस्तू, क्रोमच्या टाकीतून निघून धुण्याच्या टाकीत जातो आणि पाणी पिवळं होतं. हा पिवळा रंग हेक्साव्हॅलंट क्रोमियमचा, म्हणजे क्रोमियमच्या विषारी रूपाचा. याची वाफ-फवारा श्वासातून गेला तर फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. बाहेर सोडायच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे 0.1 मिलिग्रॅम.

पाणी शुद्ध करायची रीत ठरलेली आहे. आधी सल्फ्युरिक आम्ल घालून पीएच (आम्लतेचं माप) 2 ते 2.5 वर आणायचा, मग क्रोमियमचं रूप बदलायला सोडियम मेटाबायसल्फाइट घालायचं. एक किलो क्रोमियमला कागदावर पावणेतीन किलो पुरतं, प्रत्यक्षात तीनच्या वर लागतं. पाणी हिरवट झालं की चुना घालून पीएच 8 ते 8.5 करायचा. गाळ खाली बसतो आणि तो दाबून पाणी काढणाऱ्या फिल्टर प्रेसमधून त्याच्या वड्या निघतात. हा गाळ घातक कचऱ्यात मोडतो, सर्वसाधारणपणे 90 दिवसांच्या वर आवारात ठेवता येत नाही. घाईत चुना आधी पडला तर पाणी पिवळंच राहतं, कारण हेक्साव्हॅलंट क्रोमियम चुन्याने बसत नाही. शेजारी सायनाइडची टाकी असेल तर तिचं पाणी या आम्लात कधीच मिसळू द्यायचं नाही. त्यातून निघणारा वायू माणसाला जागच्या जागी मारतो.

आम्ल, चुना, वीज, ऑपरेटरचा पगार, गाळाच्या गाडीचं भाडं, हे सगळं मालकाच्या वहीत खर्चाच्या बाजूला. पावसाच्या रात्री पाणी नाल्यात सोडलं की सगळा खर्च वाचतो. फक्त मालक आणि गिऱ्हाईक एवढेच धरले, तर बेरीज फायद्याची येते.

[दृश्य : नंदिनी नदी, मग गोदावरी, नांदूर मध्यमेश्वर]

आता पाण्याच्या मागे चालत जाऊ. नाला नंदिनीला, नंदिनी गोदावरीला, गोदावरी नांदूर मध्यमेश्वरला. हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं, पाणथळ क्षेत्र. तिथून एक कालवा थेट वैजापूर-गंगापूरकडे जातो. नाल्यात उतरून गाळ उपसणारा सफाई कामगार, काठावर भाजी लावणारा शेतकरी, संगमाच्या खाली गोदावरीत स्नान करणारे भाविक, हे सगळे हिशेबात आले की बेरीज फिरते. प्रत्येकाची गणती एक, कोणाचीही एकाहून जास्त नाही, हे सूत्र नंतरचा उपयुक्ततावादी तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल याने बेंथमच्या नावाने दिलं आहे. त्यात कारखानदारही एकच.

‘माझ्या एकट्याच्या पाण्याने काय होतंय?’ हा प्रश्न नेहमी येतो. एका टाकीपुरता पाहिला तर तो खोटा नाही, म्हणूनच जास्त धोक्याचा. हिशेब एका रात्रीचा नको, नियमाचा हवा. वसाहतीतल्या प्रत्येक प्लेटरने हेच केलं तर काय होईल, हे मांडायचं.

हिशेब मांडूनही तो चुकतो. फोर्ड या अमेरिकन मोटार कंपनीचं 1973 चं टिपण याचं प्रसिद्ध उदाहरण. इंधन गळून लागणाऱ्या आगी टाळायला गाड्या दुरुस्त कराव्यात का, याचा त्यात हिशेब होता. एका बाजूला आगींचं नुकसान. 180 मृत्यू, प्रत्येकी 2 लाख डॉलर. 180 भाजलेले, प्रत्येकी 67 हजार. जळालेल्या 2100 गाड्या, प्रत्येकी 700. एकूण 4 कोटी 95 लाख. दुसऱ्या बाजूला सव्वा कोटी वाहनांना प्रत्येकी 11 डॉलरची दुरुस्ती, म्हणजे सुमारे 13 कोटी 70 लाख. हे टिपण फक्त फोर्डच्या पिंटो गाडीचं होतं, असं सर्रास सांगतात. प्रत्यक्षात ते अमेरिकेतल्या सगळ्या कार आणि हलक्या ट्रकबद्दल, गाडी उलटल्यावर होणाऱ्या इंधनगळतीबद्दल होतं, सरकारी नियामकाकडे पाठवलेलं, आणि माणसामागचा आकडाही नियामकाचाच होता. गुणाकार बरोबर होता. पण पुष्कळांची थोडी बचत आणि थोड्यांचा जीव एकाच रकान्यात घालून वजा केले गेले. जिवाचा धोका वेगळ्या रकान्यात ठेवायचा आणि बचतीशी वजा करायचा नाही, हा नियम आधीच लिहून ठेवलेला बरा.

मालकाबाहेरचेही हिशेबात धरायचे, हे आपला कायदाही ओळखतो. कंपनी कायदा 2013, कलम 166 नुसार संचालकाने भागधारकांबरोबर कामगार, समाज आणि पर्यावरण यांचंही हित पाहायचं असतं. कलम 135 वेगळं. निव्वळ मूल्य 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी, यांपैकी एकही गाठणाऱ्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामांवर खर्च करायचे. त्या 2 टक्क्यांत लावलेली झाडं नाल्यात सोडलेल्या पाण्याची भरपाई करत नाहीत. स्वतःचं सांडपाणी शुद्ध करणं हे मुळात कंपनीचं रोजचं कर्तव्य आहे.

[दृश्य : बैठकीची खोली, टेबलावर मोठा कागद]

असा हिशेब मांडायचा कागद बैठकीत असा भरतात. डावीकडे झळ किंवा फायदा पोहोचणारे सगळे, कारखान्याच्या फाटकाबाहेरचे आधी. पुढे बेंथमची मापं. वर पर्याय, आणि ते दोनच असू नयेत. ‘शुद्ध करा की सोडून द्या’ एवढाच वाद घातला तर तिसरा पर्याय सुचतच नाही. जॉबचा रॅक टाकीवर आणखी काही सेकंद निथळू द्या, धुण्याच्या टाक्या उलट्या प्रवाहाने, म्हणजे पाणी जॉबच्या उलट दिशेने जाईल अशा, जोडा. क्रोम टाकीतच राहतं, पाणी कमी लागतं, रसायनही कमी. मालक, कामगार आणि नदी, तिघांचाही फायदा.

सहा महिन्यांनी तोच कागद काढून अंदाजाशेजारी प्रत्यक्ष आकडे लिहायचे. एकाच गटाच्या वाट्याला पुन्हा तोटा आलेला दिसला, तर एकूण बेरीज नफ्याची असली तरी पुढचा निर्णय बदलायचा.